दाऊद मुकादम, वय सत्तेचाळीस

रात्रपाळीत वॉर्ड शांत असला
की डॉक्टर मला फॉर्म भरायला देतात.
दोनशे अकरा रुग्ण, सतरा रकाने.
शेवटचा रकाना निष्पत्तीचा : चांगली किंवा वाईट.
आधीच्या सोळांत तिचं कारण सापडेल
अशी त्यांना आशा आहे.

वय : सत्तेचाळीस.
धूम्रपान : होय.
(वीस वर्षं, असं खोलीतला सोबती म्हणाला,
आणि लगेच म्हणाला, तसं फार नाही हां, सिस्टर,
मी कंपनीला कळवणार असल्यासारखं.)
रक्तदाब : होय.
गोळ्यांना रकाना नाही.
त्या हर्णैहून यायच्या, येणाऱ्याच्या बॅगेत,
सोड्यांच्या पुडीला चिकटून.
त्या वर्षी येणाऱ्याचं तिकीट दोनदा पुढे गेलं.
मी म्हटलं, गोळ्या मस्कतमध्येही मिळतात.
मिळतात की, तो म्हणाला,
आणि अंगठा तर्जनीवर घासला.

पहिल्या लक्षणापासून शस्त्रक्रियेपर्यंतचे तास : एकतीस.
मी एकतीस लिहिते.
सोहारचं बंदर, जुलै, दुपारचे दोन,
केबिनमधला एसी सकाळपासून बंद.
डोक्यात कुणी नारळ फोडला, असं म्हणत
तो क्रेनच्या सगळ्या पायऱ्या उतरला,
एकही न चुकता.
ऊन लागलं, म्हणाले सगळे.
ऊन तर सगळ्यांनाच लागत होतं.
कपाळावर बर्फ, लिंबू-मीठ, दोन पॅनाडॉल.
ओकला, तेव्हाही ऊनच.
उजेड नको म्हणाला म्हणून
कॅम्पमध्ये खिडकीला चादर बांधली कुणीतरी,
फार प्रेमाने, चारही कोपरे खोचून.
पहाटे ते दुसऱ्यांदा फुटलं.

दाखल होतानाची श्रेणी : चार.
आदल्या दुपारी ती बहुधा दोन होती.
बहुधा लिहायला जागा नाही.
त्यानंतर बातिनाच्या रस्त्याने दोनशे किलोमीटर,
एका हाताला समुद्र, जो त्याने पाहिला नाही.

शस्त्रक्रिया उत्तम झाली.
क्लिप मी फिल्मवर पाहिली,
साडीच्या पिनेएवढी, जागच्या जागी.
सातव्या दिवशी रक्तवाहिन्या आवळल्या.
दर चार तासांनी गोळी, कुटून, नळीतून.
एकही वेळ चुकली नव्हती.
जुना चार्ट काढून हे मी दोनदा तपासलं,
फॉर्मसाठी नाही.
मेंदूच्या डाव्या बाजूला तरीही सावली आली,
आणि उजवा हात चादरीवर
कुणीतरी विसरून गेल्यासारखा.

सहा महिन्यांनी निष्पत्ती फोनवर विचारायची असते.
हलिमाने दुसऱ्या रिंगला उचलला.
चालतात? धरून.
अंघोळ? मी घालते.
बोलतात?
मला कळतं, ती म्हणाली.
नंतर न विचारता सांगत राहिली,
डाव्या हाताने लसूण सोलतात, सकाळभर एक गड्डा,
बंदरात होडी आली की इंजिनाच्या आवाजावरून
बरोबर त्या घराकडे बोट करतात,
नाव येत नाही, पण बोट चुकत नाही.
पुष्कळ बरे हायत, बाय,
तुम्ही पाह्यलंत त्यापेक्षा पुष्कळ.

मी पट्टीवर पाहिलं. चार.
तीन ते सहा : वाईट.
सहा म्हणजे मृत्यू.
लसूण सोलणारा दाऊद
आणि नऊ नंबरच्या खाटेवरून परवा गेलेला तो म्हातारा
माझ्या एकाच खुणेत बसले.

फोन ठेवताना तिने विचारलं,
राहिलेला पगार कुणाकडे मागायचा?
मी म्हटलं, विचारून सांगते.
हे सप्टेंबरातलं.
अजून कुणाला विचारायचं
हेच मला कळलेलं नाही.

चार नंबरचा पंप वाजतोय.
परत येऊन बसले तेव्हा पुढचा फॉर्म उघडलेला होता,
वय : एकोणतीस,
आणि लक्षण सुरू झाल्याच्या वेळेपुढे कुणीतरी लिहिलेलं :
माहीत नाही.